मुकीचा खिळा

तपासणीचं बटण दाबायच्या आधी ती म्हणायची, "थांबा."

कुणाला म्हणायची? तसं बघितलं तर कुणालाच नाही. खोलीत कधी तिघं असत, कधी ती एकटीच असे. एकटी असली तरी म्हणायची. मग मान वर करून टेबलामागच्या भिंतीत ठोकलेल्या एका खिळ्याकडे बघायची, आणि मगच बटण. एकोणीस वर्षं यात खाडा नव्हता. म्हणून तिचं नाव पडलं थांबाताई. नवा लागलेला माणूस पहिला आठवडाभर 'मॅडम, मॅडम' करायचा, दुसऱ्या आठवड्यात त्याच्याही तोंडून थांबाताईच निघायचं. तिची हरकत नसायची. "आडनावानं हाक आली की फाईल आठवते," म्हणायची. "हे बरं. निदान नावातच सांगून ठेवलंय, घाई करू नका म्हणून."

लॅब दुसऱ्या मजल्यावर, खाली गाद्यांचं गोदाम. जिन्यात कायम नव्या फोमचा गोडसर वास. गोदामवाल्यानं एकदा तिला जिन्यातच गाठून विचारलं होतं, "ताई, दिवसभर वर करता काय हो तुम्ही? ना आवाज, ना धूर."

"केबल असते बघा, कॉम्प्युटरला लावतात ती," ती पायरीवर पिशवी टेकवत म्हणाली. "आता तिच्यातून निरोपही जातो आणि वीजही जाते. छताचा कॅमेरा, दारावरचं कार्डाचं यंत्र, टेबलावरचा फोन, यांना वेगळी पिन लागत नाही. एकच केबल खोचली की झालं."

"मग त्यात तपासायचं काय?"

"वीज देणारी पेटी डोळे मिटून वीज देत नाही. आधी हळूच विचारते, पलीकडे कोणी आहे का, आणि असलंच तर वीज पिणारं आहे का. बरोबर उत्तर आलं तरच देते. दिल्यावरही लक्ष ठेवते. पलीकडच्यानं जरा वेळ घोट घेतला नाही, की समजते काढून नेलं यंत्र, आणि वीज बंद करते."

"जरा वेळ म्हणजे किती?"

"सेकंदाचा तिसरा हिस्सा."

गोदामवाला पोट धरून हसला. "माझी बायकोसुद्धा याहून जास्त वेळ देते हो. फार नाही, पण देते."

"म्हणून झोपलेल्या यंत्रानंही मधूनमधून एक घोट घ्यायचाच असतो," ती म्हणाली. "ते घेतं की नाही, हे मी मोजते. घेत असेल तर सही करते."

आता त्या खिळ्याचं. यंत्र टेबलावर मांडताना दहा वेळा मीटर इकडचा तिकडे करावा लागतो. तेवढ्यात यंत्र डुलकी घेतं, पेटी वीज तोडते, आणि सगळं पहिल्यापासून. हा वैताग टाळायला या धंद्यातल्या जुन्या लोकांनी एक युक्ती काढली होती. अंगठ्याएवढा एक प्लग, आत दोन-तीन सुटे भाग, वरून लाल चिकटपट्टी. तो केबलच्या जोडात खोचला की यंत्राच्या वतीनं तोच घोट घेत राहायचा. पेटीची विचारपूस चालू असताना तोंड उघडायचं नाही, आणि खरी वीज आली की पीत बसायचं, असा त्याचा स्वभाव. म्हणून त्याचं नाव मुकी. मांडामांड होईपर्यंत मुकी लावायची, तपासणीआधी काढून खिळ्याला अडकवायची. खिळ्यावर मुकी लटकताना दिसली म्हणजे टेबलावर फक्त यंत्र आहे. खिळा रिकामा असेल तर मुकी अजून तारेतच आहे, आणि मग तुम्ही यंत्र नाही, मुकी तपासताय. ते 'थांबा' होतं ते यासाठी. नियमांच्या जाडजूड पुस्तकात याचा कुठं उल्लेख नव्हता. तिनंच घालून दिलेली शिस्त होती ती.

शिस्त ती माहेराहूनच घेऊन आली होती. पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं तिच्या वडिलांचं दुकान होतं. नऊ वर्षांची असताना ती स्टुलावर बसून वेढे मोजायची. सातशे-आठशे वेढे, आणि भोवती गिऱ्हाइकांचा कालवा. कोणी मुद्दाम मध्येच "किती वाजले गं पोरी?" विचारायचं. ती घड्याळ सांगायची आणि पुढचा आकडा चुकायची नाही. वडील सगळ्यांना कौतुकानं सांगायचे आणि दुकान मात्र भावाच्या नावावर केलं. ती डिप्लोमा करून या लॅबमध्ये लागली. तेव्हा इथं इस्त्र्या आणि मिक्सर तपासत. पुढे, एकोणीस वर्षांपूर्वी, या केबलवाल्या पेट्या आल्या, तेव्हा कुणालाच ते किचकट काम नको होतं. तिनं घेतलं. काही वर्षांनी सहीचा अधिकार मिळाला. अख्ख्या लॅबमध्ये असा अधिकार दोघांनाच, एक साहेब आणि एक ती. साहेबांच्या सहीची दोन प्रमाणपत्रं मागं घ्यावी लागली होती. तिचं एकही नाही. याचा तिनं कधी गाजावाजा केला नाही, पण कोणी विसरलेलंही तिला खपायचं नाही.

नवरा मोटार चालवायला शिकवायचा. लोक त्याला मास्तर म्हणत. शेजारच्या सीटवर बसणं हाच त्याचा धंदा. त्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असायचा, आणि तो पाय घरी आला तरी कामावरच असायचा. टीव्हीवर कोणी जोरात पळालं की सोफ्यावर बसल्या बसल्या याचा उजवा पाय फरशी दाबायचा. झोपेतसुद्धा. "अहो," ती कुशीवर वळत म्हणायची, "पलंग कुठं निघालाय?"

एका दुपारी दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात तो घरी आला, दाराजवळच्या स्टुलावर बसला आणि एक बूट काढला. दुसरा पायातच राहिला. त्याची मोठी बहीण शिळं वर्तमानपत्र परत करायला आली होती, तिनं बघितलं. लॅबमध्ये मोजमापाला त्रास नको म्हणून फोन बाहेर कपाटात ठेवायची पद्धत होती. थांबाताईनं चार वाजता कपाट उघडलं तेव्हा नणंदेचे नऊ फोन येऊन गेले होते.

करायचं ते सगळं तिनं केलं. माणसांना कळवलं, कागद गोळा केले, आलेल्यांना चहा दिला, गेलेल्यांचे कप विसळले. चौथ्या दिवशी कामावर गेली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. जिन्यात गोदामवाल्यानं हात जोडले, तिनंही जोडले. संध्याकाळपर्यंत एक तपासणी पुरी करून सहीसुद्धा करून टाकली.

खंबीर वगैरे काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल असतो ना, तसं झालं होतं. गाल आहे, चावला तर रक्तही येईल, पण आपला वाटत नाही. चहा गरम आहे हे तिला वाफेवरून कळायचं. पायाचं बोट पलंगाच्या पायावर आपटलं की ती थांबून बोटाकडे बघायची, लागलंय का म्हणून. रडू येत नाही याचंही तिला काही वाटायचं नाही. काही वाटत नाही, हे मात्र ती नोंदवून ठेवायची, मीटर शून्यावर असला तरी शून्य लिहितात तसं.

नणंद दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायची. भाऊ गेल्यावर दोन पिशव्या घेऊन आली ती राहिलीच. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली बाई. लाइनवर शांतता झाली की तिचा जीव घाबरा व्हायचा, "आहात का? लाइनवर आहात का?" निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. भावजय बाहेरच्या खोलीत आणि ही आत असली की दर चार-पाच मिनिटांनी हाक यायची.

"आहेस का गं?"

"हं."

एवढंच. भांडी घासताना, धुतलेले कपडे घडी करताना, अंघोळीला गेलं तर दारावर टकटक करून. "आहेस का गं?" "हं." पाच महिने हे असं चाललं होतं. नणंदेच्या जिभेला एरवी विसावा नसायचा. शेजारची कशी मिरवते, पाण्याच्या टाकीचं झाकण कुणी चोरलं, सगळं सांगायची. थांबाताईला ऐकू यायचं. आत काही पोचायचं नाही.

पाच महिन्यांनी एका सकाळी साहेबांनी तिला बोलावलं. साहेबांकडे दोन चष्मे. एक नाकावर, एक कपाळावर, आणि शोधत असायचे ते नेहमी तिसराच. त्या दिवशी त्यांनी दोन्ही काढून टेबलावर ठेवले होते.

"बसा ताई. हे वाचा."

पत्र एका कंपनीचं होतं. आजारी माणसाच्या उशाशी लावायची घंटीची पेटी ते बनवत. बटण दाबलं की नर्सच्या खोलीत दिवा लागतो. म्हाताऱ्यांच्या एका शुश्रूषागृहात अशा चाळीस पेट्या बसवल्या होत्या. बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही की पेटी झोपायची, आणि झोपली की मरायची. वीज तुटायची, पुन्हा यायची, पेटीला जागं व्हायला मिनिटभर लागायचं, मग पुन्हा तेच. त्या मिनिटात दाबलेलं बटण कुणापर्यंत जात नव्हतं. एक म्हातारा पलंगावरून खाली पडला होता. बटणाची दोरी त्याच्या हातातच होती. ते मिनिटभर दाबत राहिला, मग शुद्ध हरपली म्हणे. वाचला, पण खुबा मोडला.

खाली लिहिलं होतं, आपल्या प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. तिनं पान उलटलं. तिची सही होती.

वाईट वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. तिनं जरा वाट पाहिली. नाही वाटलं.

"आपण घाबरायचं कारण नाही," साहेब म्हणाले. "कंपन्या काय करतात, तुम्हाला सांगायला नको. इथं एक सॉफ्टवेअर दाखवायचं, प्रमाणपत्र मिळालं की वीज वाचवायला त्यात खुडबुड करायची. तसंच झालं असणार. तसं कळवून टाकू."

"नमुना आहे आपल्याकडे," ती म्हणाली.

तपासलेल्या प्रत्येक यंत्राचा एक नग लॅबमध्ये सीलबंद ठेवला जायचा. तो जसा आला तसाच असतो. कपाटाची किल्ली तिच्याच गळ्यात.

साहेबांनी एक चष्मा उचलला आणि परत ठेवला. "असेल. पण तो उघडा असं कुणी अजून म्हटलेलं नाही ताई."

"मी बघते."

तपासणीच्या खोलीत तिची सहायक होती. तीन वर्षं झाली होती तिला लागून, वय सत्तावीस, पण लॅबमध्ये तिच्यापेक्षा लहान कोणी नव्हतं म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. एरवी तोंडाळ पोरगी. नमुन्याचं सील बघून मात्र गप्प झाली. तिनं पेटी मांडली, मुकी लावली, मीटर जुळवले, मुकी काढून खिळ्याला अडकवली.

"थांबा," थांबाताई म्हणाली. खिळ्याकडे बघितलं. लाल प्लग लटकत होता. बटण दाबलं.

घंटीच्या पेटीनं विचारपुशीला नीट उत्तर दिलं. हिरवा दिवा लागला. मग दोघी बसून राहिल्या. पेटी झोपायला दहा मिनिटं घ्यायची. धाकटी नख कुरतडत होती. दहा मिनिटांनी पडद्यावरची रेघ खाली आली. नुसते बारीक दाते दिसायला लागले, मुंग्या चालल्यासारखे. तीन मिलिअँपिअर. हवे होते निदान दहा. पापणी लवायच्या आत हिरवा दिवा विझला.

म्हणजे सॉफ्टवेअर कुणी बदललेलं नव्हतं. पेटी पहिल्या दिवसापासून अशीच होती.

"मग तेव्हा पास कशी झाली?" धाकटी हळूच म्हणाली.

थांबाताईनं जुनी फाईल काढली. झोपेतल्या विजेचा आलेख शोधला. पंधरा मिलिअँपिअर. कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. झोपलेलं यंत्र कधी सरळ रेघ काढत नाही, ते चुळबुळ करतं, कूस बदलतं. इथं रेघ पट्टीनं आखल्यासारखी होती, आणि तिच्या माथ्यावरून त्याच तीनच्या मुंग्या चालल्या होत्या. खालचे बारा कुणाचे, हे तिला आकडेमोड न करता कळलं. मुकी बाराच प्यायची.

तिनं तारीख बघितली. चौथा दिवस.

त्या दिवसाचं काही आठवतंय का ते तिनं चाचपून बघितलं. जिन्यात गोदामवाल्याचे जोडलेले हात आठवले. त्यापुढे घरचं दार. मधलं काहीच नव्हतं. कोरा कागदसुद्धा नाही, कागदच नाही. एवढी वर्षं कालव्यात बसून वेढे मोजलेली बाई, तिचे आठ तास कुणीतरी उचलून नेले होते आणि तिला पत्ता नव्हता.

"त्या दिवशी खिळा रिकामा होता?" तिनं विचारलं.

धाकटीचे डोळे भरून आले. "ताई, मुकी मी लावली होती. तुम्ही थांबा म्हणाल, मग मी काढीन, अशी बसले होते. रोजची सवय. तुम्ही म्हणालाच नाहीत. सरळ बटण दाबलंत."

"मग तू का नाही बोललीस?"

"कसं बोलू? तुमचा चेहरा... मला वाटलं, आज यांना काय टोकायचं. तुम्हाला माहीतच असेल, नंतर पुन्हा कराल. आणि मग तुम्ही सही केलीत." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "दोन रात्री झोप नव्हती मला. मग पेटी विकली गेली, काही झालं नाही, मग मी पण विसरले. मला शिव्या द्या ताई."

"शिव्या कशाला," थांबाताई म्हणाली. खरोखरच तिच्याकडे शिवी नव्हती. बोटं गार पडली होती, एवढंच तिला कळलं. ती तिनं बगलेत धरली.

दुपारी साहेबांनी दार लावून घेतलं. त्यांना सगळं कळलं होतं. धाकटीनंच सांगितलं होतं, रडत.

"मी सरळ बोलतो," साहेब म्हणाले. "असं कारण लिहिलं तर तुमचा सहीचा अधिकार जाणार. वरचे लोक ऐकून घेणार नाहीत. एकोणीस वर्षं गेली मातीत. आणि कशासाठी? जिच्या घरात मयत झाली त्या बाईला चौथ्या दिवशी आपण कामावर बसू दिलं, चूक माझीच आहे. सीलबंद नमुना उघडल्याची नोंद अजून झालेली नाही. कंपनीला म्हणू, सॉफ्टवेअर तपासा. शोधतील चार महिने. हवी तर पेटी दुरुस्तही करतील."

"त्या चार महिन्यांत?"

"काय त्या चार महिन्यांत?"

"तिथं चाळीस पलंग आहेत. आणि दुसरीकडे कुठं विकल्यात, ते पत्रात नाही."

साहेबांनी एक चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाले, "निदान जोडणी धाकटीची होती एवढं तरी लिहा. तिला समज देऊन सोडतील. लहान आहे, निभावेल. तुमची सही वाचेल."

थांबाताईनं विचार केला. खरं तर विचार असा काही झालाच नाही. चांगुलपणाचा उमाळा आला असंही नाही. तो म्हातारा तिच्या डोळ्यांपुढे येत नव्हता, आणून बघितला तरी धड दिसत नव्हता. दिसत होता तो आकडा. पंधरा लिहिलाय, तिथं तीन पाहिजे, आणि खाली तिचं नाव आहे. दुकानात एकदा एक वेढा कमी पडल्याची शंका आली होती तेव्हा तिनं सहाशे वेढे उलगडले होते, वडील नको म्हणत असताना. तसंच काहीतरी हातानं आपणहून सुरू केलं.

"मागं घ्यायचा फॉर्म द्या," ती म्हणाली.

साहेबांनी एक चष्मा कपाळावर चढवला, दुसरा नाकावर, आणि खण उघडून बराच वेळ फॉर्म शोधत बसले. तो वरच होता.

'कारण' या रकान्यात तिनं लिहिलं, "मांडणीसाठी लावलेला खोटा भार तपासणीआधी काढला नाही. काढला आहे का हे मी पाहिलं नाही. मोजलेली वीज यंत्राची नाही. सर्व पेट्या तातडीनं काढून घ्याव्यात." सहायकाच्या रकान्यात रेघ मारली. अक्षर नेहमीसारखंच आलं, गोल आणि सुटं.

बाहेर धाकटी उभीच होती. "माझं नाव घातलंत?"

"नाही."

"पण मीही होते ना तिथं!"

"होतीस. बटण मी दाबलं." मग काहीतरी सांगायला हवं म्हणून तिनं सांगितलं, "पुन्हा असं कुणाचं तोंड बघून गप्प बसू नकोस. माझं तर नाहीच नाही."

कंपनीला त्याच दुपारी फोन गेला. पेट्या बंद करून उशाशी हातघंट्या द्या, असं शुश्रूषागृहाला कळवल्याचा निरोप तासाभरात आला. वरच्या कार्यालयाचा निरोप यायला नऊ दिवस लागले. सहीचा अधिकार काढला. वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचं, मग परीक्षा, मग बघू. साहेबांनी कागद तिच्या हातात न देता टेबलावर सरकवला. दारावरच्या पाटीत सही करणाऱ्यांची दोन नावं होती. शिपायानं स्क्रू काढून खालची पट्टी उतरवली आणि आता हिचं काय करू असा तिच्याकडे बघत राहिला. तिनं ती पिशवीत टाकली.

त्याच दिवशी दाराला लावायच्या कार्ड-यंत्राची तपासणी होती. धाकटी मधल्या खुर्चीवर बसली, थांबाताई तिच्या डाव्या हाताला. मांडामांड झाली. धाकटी बटणावर बोट ठेवून अडली. थांबाताईकडे बघितलं.

"म्हणू का?" धाकटीनं विचारलं.

"तुझी तपासणी आहे."

धाकटीनं घसा साफ केला. "थांबा," ती म्हणाली, इतकं हळू की लाजल्यासारखं. आणि दोघींनी एकदमच वर बघितलं. खिळा रिकामा होता. पोरीनं जीभ चावली, मुकी काढली, अडकवली, पुन्हा बसली.

तेव्हा थांबाताईचं लक्ष खाली गेलं. तिचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला होता. टाच वर, चवडा जोरात खाली, पोटरी ताठ. किती वेळ दाबून धरला होता कोण जाणे. तिनं तो उचलायचा प्रयत्न केला. लगेच उचलला जाईना.

घरी आली तेव्हा सहा वाजले होते. खिडकीतून अजून ऊन येत होतं. आत नळाखाली भांड्यांचा आवाज चालला होता. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली. त्या दिवसापासून त्यावर कुणी बसलं नव्हतं. ती रोज भिंतीला हात टेकून उभ्यानंच बूट काढायची. आज पोटरी दुखत होती, म्हणून बसली. एक बूट काढला. पिशवीतली पट्टी हाताला लागली, ती बाहेर काढून मांडीवर ठेवली. पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत तिचं पूर्ण नाव, ज्या नावानं तिला कुणीच हाक मारत नव्हतं.

"आलीस का गं?" आतून आवाज आला.

ती नावाकडे बघत होती.

"आहेस का गं?"

'हं' तोंडात तयार होतं. ते आपणहून निघायचं, पाच महिने निघत आलं होतं, तिला त्यासाठी तिथं असावंही लागायचं नाही. या वेळी तिनं ते निघू दिलं नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं.

नळ बंद झाला. एक भांडं पडलं. नणंद ओल्या हातांनी धावत बाहेर आली आणि चौकटीतच थिजली. तेच स्टूल. एक बूट पायात, एक खाली. मान खाली घातलेली. नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या लाइनी जोडणाऱ्या बाईला शब्द सापडेना.

"आहे," थांबाताई घाईनं म्हणाली. "वन्सं, आहे मी. आहे."

नणंद दाराला धरून खाली बसली. "मेले, तोंडात बोळा कोंबला होता का गं? जीव घेशील माझा! एक शब्द टाकायला काय पैसे पडतात?" आणि मग पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली. भाऊ गेल्यापासून ती भावजयीसमोर रडली नव्हती. हे थांबाताईच्या आत्ता ध्यानात आलं.

तिनं उठून नणंदेला पाणी आणून द्यायला हवं होतं. ती उठली नाही. म्हणाली, "वन्सं, हे गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी कामावर गेले. त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. मोठी. एक म्हातारा पडला त्यापायी. आज माझी सही काढून घेतली."

नणंदेनं पदर बाजूला केला.

"आणि मला त्या दिवसातलं काही आठवत नाही," ती म्हणाली. "काहीच नाही. कामावरचं धाकटीनं सांगितलं. घरचं तुम्ही सांगा. सकाळी उठून मी काय केलं?"

"कशाला आता ते," नणंद म्हणाली.

"सांगा."

नणंदेनं नाक ओढलं. "अंडी उकडलीस," ती म्हणाली. "घरात होती तेवढी सगळी. अकरा. सोललीस, बशीत मांडलीस, मीठ घातलंस. मला म्हणालीस, यांना दोन ठेवा, दुपारी येतील तेव्हा खातील."

थांबाताईनं मान वर केली. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणाले. काय म्हणणार? तू नीट आवरलेलं होतंस, केस विंचरलेले, किल्ली गळ्यात. मला वाटलं, आज हिला काय टोकायचं." ती पुन्हा रडवेली झाली. "मी ती दोन झाकून ठेवली गं. खरंच ठेवली. दुपारभर बघत बसले होते त्यांच्याकडे. तू गेल्यावर मग..."

"थांबा," थांबाताई म्हणाली.

तिनं वाकून दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. गाठ बसली होती, वेळ लागला. बूट काढला, पहिल्याच्या शेजारी भिंतीला लावून ठेवला. मग दोन्ही पाय फरशीवर टेकवले. फरशी गार होती.

"हं, सांगा," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून."